मुक्त ज्ञानकोशातील संपादन : भिलाईच्या नोंदीचे उदाहरण

ज्ञानकोशातील लेखाची पारख प्रकाशनापूर्वी व्हावी की नंतर, या प्रश्नाची दोन उत्तरे मराठीत मिळतात. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली वाईहून सिद्ध झालेल्या मराठी विश्वकोशात लेख छापण्यापूर्वी तपासला जाई. २००३ साली सुरू झालेल्या मराठी विकिपीडियात मात्र लेख आधी प्रसिद्ध होतो व त्याची छाननी सदस्यच मागाहून करतात.

या भेदाचे मर्म भिलाईच्या नोंदीवरून स्पष्ट करता येईल. पोलाद कारखान्यासाठी सोव्हिएत साहाय्याचा करार १९५५ साली झाला, तेव्हा भिलाई ज्या मध्य प्रदेशात होते त्याची राजधानी नागपूर होती. १९५९ मध्ये पहिली झोतभट्टी सुरू झाली, तेव्हा ती भोपाळ होती. १ नोव्हेंबर २००० पासून भिलाई छत्तीसगडात आहे. समजा, एखाद्या नवख्या सदस्याने नोंदीतील ‘मध्य प्रदेश’ सर्वत्र बदलून ‘छत्तीसगड’ केले. वर्तमानाविषयीच्या वाक्यात ही दुरुस्ती योग्य ठरते. १९५९ विषयीच्या वाक्यात तो कालविपर्यास होय. सगळाच बदल रद्द केल्यास चुकीबरोबर योग्य दुरुस्तीही जाते.

म्हणून संपादकाने प्रत्येक वाक्याचा स्वतंत्र विचार करून, काय राखले व काय वगळले याचे कारण चर्चापानावर नमूद करणे इष्ट होय. विश्वकोशाच्या संपादकाला पदाचा व विद्वत्तेचा आधार असे. मुक्त कोशातील संपादकाला त्याने दिलेल्या कारणाखेरीज दुसरा आधार नसतो. कारण न सांगता पुसलेल्या लेखनाचा लेखक बहुधा परत येत नाही, आणि मराठीला ही हानी परवडणारी नाही.