घर विकण्याआधी

घर विकणे म्हणजे बाजारात शेळी विकणे नव्हे. शेळी विकली आणि फसलो, तर पुढच्या बाजारी दुसरी घेता येते. घर एकदा हातचे गेले की सहसा परत मिळत नाही. म्हणून ते विकण्याआधी काय काय करावे, ते आज आपण पाहू.

सातारा जिल्ह्यातल्या एका गावी आमच्या रात्रीच्या वर्गाला एक आजी येत असत. वय साठीच्या पुढचे. पाटीवर अक्षर काढताना हात कापायचा, पण वर्ग कधी चुकला नाही. त्यांचे यजमान वारले होते. मुलगा पुण्यात कामाला होता. मुलगी कऱ्हाडकडे दिलेली होती. गावठाणात त्यांचे दोन खोल्यांचे घर होते. पुढे ओसरी, मागे परडे. यजमानांनी स्वतःच्या कमाईतून ते बांधले होते.

मुलगा म्हणाला, "आई, तू एकटी इथं किती दिवस राहणार? घर विकू. तू माझ्याकडं चल."

आजींना ते पटले. एका मध्यस्थाने गिऱ्हाईक आणले. दोन दिवसांनी तो एक कागद घेऊन आला आणि म्हणाला, "आजी, ही इसाराची पावती. इथं अंगठा द्या."

आजी म्हणाल्या, "थांबा की जरा. मी वाचते."

त्यांनी चष्मा लावला. वरची मोठी अक्षरे बोटाने एकेक वाचली. कु-ल-मु-ख-त्या-र-प-त्र. शब्दाचा अर्थ त्यांना कळला नाही. पण हा 'इसार' नव्हे, एवढे कळले. कागद घडी करून त्या रात्री वर्गाला आल्या. म्हणाल्या, "मास्तर, ह्यात इसार हा शब्दच कुठं दिसंना."

कुलमुखत्यारपत्र म्हणजे आपल्या वतीने व्यवहार करण्याचा अधिकार दुसऱ्याला देणारा कागद. तो मुळात वाईट नाही. आजारी किंवा परदेशी असलेला माणूस आपल्या भरवशाच्या माणसाला तो देतो. पण त्या कागदाने दुसऱ्याला आपल्या नावाने घर विकण्याचाही अधिकार मिळू शकतो. मग तो नीट न वाचता, ओळखदेख नसलेल्या माणसाला कसा द्यावा?

आम्ही मुलाला विचारले. तो ओशाळून म्हणाला, "मला वाटलं, पावतीच आहे." मुलगा बारावी शिकलेला. पण वाचता येणे वेगळे आणि वाचणे वेगळे!

तो कागद आजींनी परत केला. मग आम्ही सगळे त्यांच्या ओसरीवर बसलो आणि पहिल्यापासून सुरुवात केली.

राहायचे कुठे?

पहिला प्रश्न किमतीचा नाही. घर विकल्यावर राहायचे कुठे, हा पहिला प्रश्न. आजींच्या मुलाची पुण्यातली खोली भाड्याची होती. त्यात चार माणसे. आजींची पथारी कुठे पडणार, याचा विचारच झाला नव्हता. विकण्याची खरी गरज आहे का, पैसा कशासाठी हवा, तो कोणाच्या नावावर राहणार, हे घरात बसून ठरवावे. ठरले ते वहीत लिहावे.

मालक किती?

मुलगा म्हणाला, "ताईचं तर लग्न झालं. तिचा आता काय संबंध?"

संबंध आहे. 1956 च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे, एखादा पुरुष मृत्युपत्र न करता वारला, तर त्याच्या स्वतःच्या मिळकतीत विधवा, मुलगे, मुली आणि त्याची आई हयात असल्यास ती, या सर्वांना सारखा हिस्सा मिळतो. मुलीचे लग्न झाले म्हणून तो जात नाही. वडिलोपार्जित एकत्र मिळकतीतही 2005 च्या दुरुस्तीने मुलीला मुलासारखाच जन्मतः हक्क मिळाला. इतर धर्मीयांचे वारसा कायदे वेगळे आहेत. त्यांनी ते विचारून घ्यावेत.

आजींच्या सासूबाई हयात नव्हत्या. म्हणून घराचे मालक तिघे: आजी, मुलगा आणि मुलगी. समजा, घर 12 लाखांना गेले, तर प्रत्येकाचे 4 लाख. मुलीला आपला हक्क सोडायचा असेल, तर ती नोंदणी केलेले हक्कसोडपत्र करून देऊ शकते. पण ते तिने समजून, राजीखुशीने करावे.

मुलीला बोलावणे गेले. ती आली. म्हणाली, "मला भांडायचं नाही. पण आधी आईच्या राहण्याचं सांगा, मग माझी सही घ्या." भाऊ खाली मान घालून बसला. मग म्हणाला, "ताई बोलते ते खरं आहे."

कागद गोळा करा

गिऱ्हाईक येण्याआधी हे कागद एका पिशवीत जमवावेत:

1. ग्रामपंचायतीचा नमुना 8 चा उतारा. यात घराच्या कराची नोंद असते. पण एवढ्यावरून मालकी सिद्ध होत नाही.

2. मिळकत पत्रिका. गावठाणाची मोजणी झालेली असेल, तर ती भूमि अभिलेख कार्यालयात मिळते. 2020 साली स्वामित्व योजना सुरू झाली. तिच्यात ड्रोनने गावठाणे मोजून अशा पत्रिका देतात.

3. घर किंवा जागा विकत घेतली असेल, तर जुने खरेदीखत. वाटणी झाली असेल, तर वाटणीपत्र.

4. मूळ मालकाचा मृत्यूदाखला. वारसांची नावे लागली नसतील, तर ती आधी लावून घ्यावीत.

5. घरपट्टी, पाणीपट्टी आणि वीजबिल भरल्याच्या पावत्या.

6. घरावर कर्ज काढले असेल, तर ते फिटल्याचा दाखला.

7. सर्वांची आधार आणि पॅन कार्डे.

घर किंवा जागा सरकारी योजनेतून मिळाली असेल, तर विकण्यावर अटी असू शकतात. त्या आधी विचाराव्यात.

घर नीट करा, पण दोष झाकू नका

फुटकी कौले बदलावीत. दाराची कडी नीट लागावी. अडगळ काढावी, सफेदी करावी. एवढा खर्च पुरे. विकायच्या घरात नवी फरशी घालत बसू नये.

आजींच्या मागच्या भिंतीतून पावसाळ्यात पाणी झिरपे. मध्यस्थ म्हणाला होता, "रंग मारा. कोण बघतंय!" पण जो मोठा दोष गिऱ्हाइकाला सहज दिसत नाही आणि आपल्याला ठाऊक आहे, तो सांगणे हे 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याप्रमाणे विकणाऱ्याचे कर्तव्य आहे. आजींनी ती भिंत स्वतः दाखवली. गिऱ्हाइकाने थोडी किंमत पाडली, पण मागाहून कटकट राहिली नाही.

किंमत ठरवा

कागदावर क्षेत्र चौरस मीटरमध्ये असते, लोक बोलतात फुटांत. 1 चौरस मीटर म्हणजे सुमारे 10.76 चौरस फूट. 60 चौरस मीटर जागा असेल, तर 60 × 10.76 = सुमारे 646 चौरस फूट. हा हिशेब आपल्याला यावा, म्हणजे कोणी "सहाशेच धरा" म्हणाला, तर 46 फूट कुठे गेले ते विचारता येते.

आसपासची घरे अलीकडे कशी गेली, ते दोघा-तिघांना विचारावे. सरकारचा रेडी रेकनरचा दरही पाहावा. मध्यस्थाची दलाली किती, हे आधीच बोलून घ्यावे. विक्रीवर आयकर लागेल का, तेही जाणत्या माणसाला विचारावे.

विसार आणि खरेदीखत

विसार घेतला म्हणजे घर विकले असे नव्हे. विसाराच्या कागदात किंमत, मिळालेली रक्कम, बाकी कधी, ताबा कधी आणि व्यवहार मोडला तर काय, हे सर्व लिहावे. घराच्या व्यवहारात 20 हजार किंवा अधिक रक्कम रोखीने घेण्यास आयकर कायद्याची 2015 पासून सर्वसाधारणपणे मनाई आहे. पैसे बँकेतूनच घ्यावेत.

मालकी बदलते ती नोंदणी केलेल्या खरेदीखताने. नुसत्या कुलमुखत्यारपत्राने ती बदलत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2011 साली स्पष्ट सांगितले आहे. सह्या झाल्यापासून 4 महिन्यांच्या आत खत दुय्यम निबंधकाकडे नोंदणीसाठी द्यावे. वेगळे ठरले नसेल, तर मुद्रांकाचा खर्च घेणाऱ्याने करायचा असतो.

या कचेरीत सही येणाऱ्यालाही अंगठ्याचा ठसा द्यावा लागतो. त्यात कमीपणा नाही. कमीपणा आहे तो न वाचता ठसा देण्यात.

शंका असेल, तर तालुका विधी सेवा समितीकडे जावे. 1987 च्या कायद्याप्रमाणे स्त्रियांना, उत्पन्न कितीही असो, तिथे मोफत कायदेशीर मदत मिळते.

पुढे काय झाले?

मुलाने पुण्यात थोडी मोठी खोली पाहिली. आजी आधी महिनाभर तिथे राहून आल्या. मग खरेदीखत झाले. त्यावर तिघांच्या सह्या होत्या. आजींनी खत आधी सावकाश वाचले, चार ठिकाणी अडल्या, चार वेळा विचारले. सगळे थांबले. त्यांच्या हिश्श्याची रक्कम त्यांच्याच खात्यात जमा झाली. पासबुकातला आकडा स्वतः वाचला, तेव्हाच त्यांनी कमरेची किल्ली सोडून दिली.

हे लक्षात ठेवा

आधी निवारा, मग व्यवहार.
सर्व वारसांना विचारा.
पैसे बँकेतून, प्रत्येकाचे त्याच्या खात्यात.
वाचल्याशिवाय सही नाही, अंगठाही नाही.

प्रश्न

1. आजींनी कागद परत का केला?
2. त्या घराचे मालक किती आणि कोण?
3. तुमच्या घराची जागा किती चौरस मीटर आहे? तिचे चौरस फूट करा.
4. तुमच्या घराचे कोणते कागद तुमच्याजवळ आहेत? वहीत यादी लिहा.