आधी काच, मग कॅलिब्रेशन

मोठ्या स्कॅनरमधून ए-झीरो नकाशा निघाला आणि स्क्रीनवर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बारीक रेघ दिसली, की ऑपरेटर थेट कॅलिब्रेशन सुरू करतो. माझं सांगणं एवढंच की काच पुसल्याशिवाय कॅलिब्रेशनला हात लावू नका. या मशीनमध्ये सेन्सर जागेवर असतो आणि कागद सरकतो, त्यामुळे काचेवरचा एक कण पूर्ण नकाशाभर रेघ ओढत जातो. कॅलिब्रेशन करताना मशीन पांढरा भाग पाहून सेन्सरचा प्रत्येक बिंदू किती उजेड टिपतो हे नोंदवतं आणि कमी पडेल त्याला वाढवून देतं. 600 डीपीआयला एक बिंदू सुमारे 0.04 मिलिमीटरचा, त्यावर धूळ बसलेली असेल तर मशीन तो बिंदूच मंद धरून उजळ करून ठेवतं. पुढे काच पुसली तरी नोंद तशीच राहते, आणि काळ्या रेघेच्या जागी पांढुरकी रेघ येते. मग ‘सेन्सर गेला’ म्हणून टेक्निशियनला फोन जातो. वास्तविक काच साफ करून पुन्हा कॅलिब्रेशन केलं असतं तर काम भागलं असतं. पुसायला धागे न सुटणारं कापड घ्या. पाणी किंवा क्लीनर कापडावर, थेट काचेवर कधीच नाही.

रेघ मुळात कागदावरचीच असेल तर? शंका रास्त आहे. जुन्या अमोनिया प्रिंटवर घडीच्या रेघा असतातच. तोच कागद उलट्या टोकाकडून घालून पुन्हा स्कॅन करा. रेघ नकाशातल्या त्याच घरावरून जात असेल तर ती कागदाची. मशीनच्या त्याच जागी राहिली तर काचेची किंवा सेन्सरची. तिरकी रेषा दर वेळी ठरावीक जागी पायरीसारखी तुटत असेल, तर शेजारशेजारच्या दोन सेन्सरांची जुळणी चुकली आहे. ती मात्र पुसून जायची नाही. आणि फक्त घडीपाशी अक्षरं पुसट येत असतील तर कागद काचेपासून उचलला जातोय. सीआयएस जातीच्या सेन्सरला हे अजिबात चालत नाही.

कोणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला, सॉफ्टवेअरमध्ये रेघ खोडता येते. येते. पण ठिपके काढणारं फिल्टर धूळ आणि दशांश चिन्ह यांत फरक करत नाही, आणि 12.5 चं 125 झालेलं माप नजरेत येईलच असं नाही. गटाच्या हद्दीला लागून पडलेली रेघ खोडताना हद्दच खोडली गेली तर तो नकाशा बाद.

रोलर घसरण्याचा दोष याहून वाईट, कारण चित्र स्वच्छ दिसतं. 1189 मिलिमीटर लांबीत हजारात एक एवढी चूक म्हणजे 1.2 मिलिमीटर, 1:500 च्या नकाशावर जमिनीवरचे 60 सेंटिमीटर. गिऱ्हाईक रांगेत उभं असताना हे तपासायला वेळ नसतो, मान्य आहे. तरी ज्यावरून मापं काढायची आहेत अशा प्रत्येक नकाशावर स्कॅन करण्याआधी स्टीलची पट्टी लावून एक लांब अंतर मोजा, आणि फाइलमधलं तेच अंतर ताडून पाहिल्याशिवाय ती गिऱ्हाइकाला देऊ नका.