ब्रोमोच्या काठावर: जिवंत ज्वालामुखी पाहायला जाताना

चढाईच्या हिशेबात ब्रोमो हरिश्चंद्रगडाच्या पासंगालाही पुरणार नाही. इंडोनेशियातल्या पूर्व जावामधल्या या ज्वालामुखीची उंची २,३२९ मीटर असली, तरी वाहने पायथ्याच्या वाळूच्या पठारापर्यंत जातात. उरते ती वाळूतली चाल आणि सुमारे अडीचशे पायऱ्या. म्हणूनच सह्याद्रीत पाय मुरलेला माणूस इथे गाफील राहतो. इथे दमसासापेक्षा वाऱ्याची दिशा, गंधकाचा वास आणि ‘आज वर जायचे नाही’ हा निर्णय महत्त्वाचा.

नेमके काय पाहायचे?

ब्रोमो तेंगर सेमेरू राष्ट्रीय उद्यान १९८२ मध्ये घोषित झाले. एका प्रचंड जुन्या ज्वालामुखीचा माथा खचून मोठी कढई तयार झाली, तिच्या तळाशी राखाडी वाळूचा समुद्र पसरला आणि त्यातून नवे शंकू वर आले. ब्रोमो त्यांपैकी एक. फोटोत पुढे दिसणारा हिरवा, पन्हाळी पडलेला डौलदार शंकू बातोक. तो शांत आहे. धूर सोडणारे, माथा उडालेले, बसके विवर ते ब्रोमो. मागे दूरवर दिसतो ३,६७६ मीटरचा सेमेरू, जावामधला सर्वोच्च पर्वत. डिसेंबर २०२१ मधल्या त्याच्या उद्रेकात पायथ्याची गावे गाडली गेली.

लाव्हाच्या लाल नद्या पाहायच्या असतील, तर ही जागा ती नव्हे. आपला सह्याद्री ज्या बेसाल्टचा, तो सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी भेगांमधून वाहत पसरला. जावाखाली मात्र सागरी भूपट्ट बुडतो आहे. त्यातून तयार होणाऱ्या शिलारसात पाणी आणि वायू भरपूर, म्हणून इथले ज्वालामुखी वाहण्यापेक्षा उसळतात. विवराच्या काठावरून दिसते ती वाफ आणि पिवळट गंधक. ऐकू येते ती खालून सतत येणारी घरघर.

कधी, कसे?

एप्रिल ते ऑक्टोबर हा कोरडा हंगाम. जुलै-ऑगस्टमध्ये पहाटे पारा शून्याजवळ उतरतो. जावा म्हणजे उकाडा असे धरून जाणारे कुडकुडतात. सुराबायापर्यंत विमान, तिथून रेल्वे किंवा बसने प्रोबोलिंगो, पुढे कढईच्या काठावरचे चेमोरो लावांग हे गाव. प्रोबोलिंगोहून वर जाणाऱ्या सामायिक गाड्या भरल्याशिवाय सुटत नाहीत, तेव्हा दुपारच्या आत तिथे पोहोचा. भारतीयांना विमानतळावर व्हिसा मिळतो. उद्यानाचे तिकीट ऑनलाइन आधी काढा; परदेशी पाहुण्यांचा दर वेगळा आहे.

बहुतेक सहली एका रात्रीत उरकतात: पहाटे तीनला जीप, पेनांजाकानच्या डोंगरावरून सूर्योदय, लगेच विवर, दुपारी परत. तुम्ही चेमोरो लावांगला दोन रात्री राहा. ढग आले किंवा विवर बंद असले, तरी दुसरी सकाळ हाताशी राहते. शिवाय जीपची गरज उरत नाही. सेरुनीच्या कड्यावर गावातून अंधारात चालत जाता येते आणि दृश्यही तितकेच मोकळे मिळते. पहिल्या दिवशी तिथून सूर्योदय पाहा. विवर दुसऱ्या दिवसासाठी ठेवा, तेही जीपची गर्दी ओसरल्यावर.

धोका कसा ओळखायचा?

इंडोनेशियात ज्वालामुखींच्या इशाऱ्याचे चार स्तर असतात: नॉर्मल, वास्पादा, सियागा आणि आवास. निघायच्या आदल्या दिवशी आणि त्या दिवशी सकाळीही ‘मॅग्मा इंडोनेशिया’ या सरकारी संकेतस्थळावर स्तर पाहा. स्तर वाढला की विवराभोवती प्रवेशबंदी येते. ब्रोमोला ती अनेकदा एक किलोमीटरची राहिली आहे. जीपवाला ‘काही होत नाही’ म्हणाला, तरी बंदी ती बंदीच.

नॉर्मल स्तराचा अर्थ निर्धोक असा नव्हे. पाणी तापून वाफेचा स्फोट होतो, तेव्हा पूर्वसूचना फारशी मिळत नाही. जून २००४ मध्ये अशाच अचानक उद्रेकात ब्रोमोवर दोघांचा जीव गेला. म्हणून काठावर पथारी पसरू नका. वारा पाठीवर घेऊन उभे राहा, फोटो काढा, उतरा. कठडा संपतो तिथून पुढची अरुंद कड घसरड्या राखेची आहे. तिकडे जाण्याचा मोह टाळा. दम्याच्या रुग्णांनी वर जाऊच नये, कारण साधा मास्क राख अडवतो, वायू नाही.

सोबत काय?

- एन-९५ मास्क, बंद गॉगल. कॉन्टॅक्ट लेन्सऐवजी चष्मा
- थरांचे गरम कपडे, कानटोपी, हेडटॉर्च
- कॅमेऱ्यासाठी झिपची पिशवी. राख भिंगावर चरे पाडते
- पाणी आणि सुटे रुपिया

शाकाहारींनी टेंपे, टोफू, भाज्या मागाव्यात. पण सांबाल या तिखट चटणीत बहुधा कोळंबीची पेस्ट असते, ती नको असे आधीच सांगा.

तिथल्या माणसांचा मान

वाळूच्या समुद्रातले पुरा लुहुर पोतेन हे तेंगर हिंदूंचे मंदिर. कसादा उत्सवात हे लोक भाजीपाला, कोंबड्या, बकऱ्या विवरात अर्पण करतात. काही जण आतल्या उतारावर उभे राहून ते जाळ्यांत झेलतात. त्यांची नक्कल करू नका. सुक्या गवताजवळ काडीही पेटवू नये. सप्टेंबर २०२३ मध्ये लग्नाआधीच्या फोटोशूटमधल्या धुराच्या फटाक्याने इथले मोठे गवताळ रान जाळले.

परतीच्या विमानाआधी एक मोकळा दिवस ठेवा. जानेवारी २०११ मध्ये ब्रोमोच्या राखेमुळे बालीची काही आंतरराष्ट्रीय उड्डाणे रद्द झाली होती. त्या वेळी ज्यांच्या हाती एक जादा दिवस आणि थोडे जादा पैसे होते, त्यांचाच प्रवास सुखाचा झाला असणार.