अहिंसाव्रत आणि शरणागताचे रक्षण

ससारक्षणाची लीळा सर्वांस परिचित आहे. पारध्यांच्या कुत्र्यांपुढून पळणारा ससा सर्वज्ञांच्या मांडीखाली शिरला. स्वामींनी तो शस्त्रावाचून राखला, कारण पारध्यांनी स्वामींचे बोल ऐकले. परंतु जो ऐकतच नाही, त्याच्यापुढे शरणागताचे काय, हा प्रश्न साधकाने टाळू नये.

विसाव्या शतकात तो गांधीजींपुढे उभा राहिला. ९-१० नोव्हेंबर १९३८ च्या रात्री जर्मनीत ज्यूंची प्रार्थनामंदिरे जाळण्यात आली. २६ नोव्हेंबरच्या 'हरिजन'मध्ये गांधीजींनी त्या ज्यूंना सत्याग्रहाचा उपदेश केला. मानवतेसाठी एखादे युद्ध समर्थनीय असेलच तर ते जर्मनीविरुद्धचे, हेही त्यांनी तेथे मान्य केले. मात्र कोणत्याच युद्धावर आपला विश्वास नाही, असे म्हटले. ज्यू तत्त्वज्ञ मार्टिन बूबर यांनी फेब्रुवारी १९३९ मध्ये जेरुसलेमहून त्यांना पत्र लिहिले. त्याचा आशय असा, की छळछावणीच्या भिंतीआड, कोणी न पाहिलेल्या बलिदानाचा अत्याचाऱ्यावर काहीच परिणाम होत नाही.

हा आक्षेप खरा मानावा लागतो. २१ मे १९३० रोजी धारासणा येथे सत्याग्रहींनी हात न उगारता लाठ्या झेलल्या, तेव्हा ती वार्ता वेब मिलर या अमेरिकी पत्रकाराने जगास कळविली. आणि इंग्रज सत्तेस जगाच्या मताची थोडीबहुत तरी चाड होती. जेथे ती चाडच नाही, तेथे सोसणाऱ्याचे सोसणे कोणाच्या अंतःकरणास भिडावे?

याहून सूक्ष्म भेद निराळाच आहे. स्वदेह अर्पिणे हे व्रत होय; दुसऱ्यास देह अर्पिण्यास सांगणे हे व्रत नव्हे. गांधीजीही हा भेद जाणत होते. १९०८ मध्ये त्यांच्यावर प्राणघातक हल्ला झाला. आपण तेथे असतो तर काय करावयास हवे होते, असे थोरल्या पुत्राने विचारले. तेव्हा प्रसंगी बळ वापरूनही पित्यास राखणे हेच तुझे कर्तव्य, असे उत्तर दिल्याचे त्यांनीच १९२० मध्ये लिहिले आहे. भिक्षूस शस्त्र वर्ज्यच, त्यात विकल्प नाही. परंतु तेवढ्याने पीडितास 'तूही सोस' असे सांगण्याचा अधिकार त्यास प्राप्त होत नाही.

मग शस्त्रहीनाने राखावे कसे? ऑक्टोबर १९४३ मध्ये डेन्मार्कच्या सामान्य जनांनी ज्यूंना घरांत, रुग्णालयांत दडविले आणि सात हजारांहून अधिकांना कोळ्यांच्या नावांतून स्वीडनला पोचविले. मात्र त्यांच्यासाठी समुद्र अरुंद होता आणि पैलतीर मोकळा होता. पोलंडमधील ज्यूंना असा तीर नव्हता.