चौकातील पियानो

गोंदिया जिल्ह्यातील आमगाव हे नागपूर-हावडा लोहमार्गावरील एक गाव. त्याच्या शेजारी पदमपूर नावाचे खेडे आहे. आठव्या शतकातील महाकवी भवभूती याने आपल्या पूर्वजांचे स्थान म्हणून ज्या पद्मपुराचा निर्देश केला आहे, ते हेच होय, असे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी प्रतिपादिले. भवभूतीची तीन नाटके उपलब्ध आहेत, आणि तिन्हींच्या प्रस्तावनेत सूत्रधार सांगतो की, हा प्रयोग कालप्रियनाथाच्या यात्रेत होत आहे. म्हणजे हा थोर नाटककार राजवाड्यातील मोजक्या रसिकांपुढे नव्हे, तर यात्रेस लोटलेल्या जनसमुदायापुढे उभा राहिला. त्या यात्रेकरूंकडून कोणी द्वारशुल्क घेत असेल, असे वाटत नाही.

ही रीत या भागात पुरती लोपलेली नाही. दिवाळीच्या सुमारास झाडीपट्टीतील गावांत मोकळ्या जागेवर दंडार रंगते. ज्याला यावयाचे त्याने यावे, जागा मिळेल तेथे बसावे. कलेला दार नसले म्हणजे ऐकणाऱ्यांत धनी आणि गडी शेजारी शेजारी येतात.

अमेरिकेतील न्यूयॉर्क शहरात हार्लेम नावाची वस्ती आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी दक्षिणेकडील राज्यांतून हजारो कृष्णवर्णीय कुटुंबे तेथे येऊन राहिली. शहराच्या इतर भागांत त्यांना बिऱ्हाड मिळत नसे, आणि ही अडचण ओळखून हार्लेममधील घरमालक भरमसाट भाडे आकारीत. भाड्याचा दिवस जवळ आला आणि हाती पैसा नसला, की भाडेकरू एक युक्ती योजी. घरातील सामान बाजूला सारून तो एखाद्या पियानोवादकास बोलावी आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांना आमंत्रण देई. प्रत्येक जण थोडी नाणी देई, रात्रभर वादन आणि नृत्य चाले, आणि सकाळी भाड्याची रक्कम जमलेली असे. जेम्स पी. जॉन्सन, फॅट्स वॉलर, विली स्मिथ यांसारखे वादक अशाच खोल्यांत नावारूपास आले. तेथे साथीला दुसरे वाद्य बहुधा नसे. म्हणून त्यांचा डावा हात खालच्या स्वरांवरून वरच्या स्वरसमूहावर सारख्या उड्या घेत ताल राखी आणि उजवा हात सुरावट खुलवी. एका माणसाने दोन माणसांचे काम करावयाचे, अशी ही पद्धती गरजेतून जन्मली.

या संगीतास जाझ म्हणतात. प्रथम एक ठरलेली धून सर्वांनी मिळून वाजवावयाची, मग तिच्याच चौकटीत एकेका वादकाने त्या क्षणी सुचेल तसा विस्तार करावयाचा, आणि शेवटी पुन्हा मूळ धुनेकडे परतावयाचे. आपल्याकडील गवई बंदिशीचा मुखडा घेऊन आलापताना करतो आणि समेवर येतो, त्याची आठवण येथे होते. तथापि हे साम्य फार ताणू नये. जाझमध्ये अनेक स्वर एकाच वेळी वाजवून जो स्वरमेळ साधतात, तो आपल्या रागसंगीतात नाही.

काळ पालटला तसे हे संगीत महागड्या उपाहारगृहांत आणि मोठ्या नाट्यगृहांत गेले. ज्यांच्या घरांत ते वाढले त्यांनाच तेथील तिकीट परवडेना. ही गोष्ट बिली टेलर नावाच्या पियानोवादकास खटकली. टेलरचा जन्म १९२१ साली झाला. न्यूयॉर्कच्या 'बर्डलँड' या प्रसिद्ध संगीतगृहात तो वाजवीत असे. त्याला कीर्तीची वाण नव्हती. १९६४ साली जुलै महिन्यात एका पंधरा वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलास पोलिसाने गोळी घातल्यावरून हार्लेम पेटले आणि कित्येक रात्री दंगल चालली. त्याच वर्षी डॅफ्नी आर्नस्टीन या बाईंच्या सहकार्याने टेलरने 'जाझमोबिल' ही संस्था काढली. लोक मैफलीस येऊ शकत नाहीत ना? मग मैफलीनेच लोकांकडे जावे, अशी ती साधी कल्पना होती. मिरवणुकीतील चित्ररथासारख्या गाडीवर रंगमंच उभारून ती उन्हाळ्याच्या संध्याकाळी गल्लीत आणून लावीत. कोणाकडून काही घेत नसत. मुले पायऱ्यांवर बसत, म्हाताऱ्या बायका खिडकीत कोपरे टेकून ऐकत. ड्यूक एलिंग्टनसारखा जगद्विख्यात पियानोवादकही या गाडीवर येऊन वाजवून गेला.

हे काम दिसते तितके सोपे नाही. आपली पेटी माणूस काखेत धरून नेतो. पियानोत ८८ पट्ट्या आणि दोनशेहून अधिक तारा असतात. पट्टी दाबली की नमद्याने मढविलेली हातोडी तारेवर आघात करते. तारांचा ताण पेलण्यास आत लोखंडी सांगाडा असल्याने तो उचलावयास चार-सहा माणसे लागतात. शिवाय ऊन लागले, हवा दमट झाली, की लाकूड फुगते आणि सूर ढळतात. गल्लीत मोटारींचा गोंगाट तो निराळाच. तरीही टेलरच्या मनाला हेच श्रोते प्रिय होते. जाझ हे अमेरिकेचे अभिजात संगीत आहे, असे तो आयुष्यभर सांगत आला, आणि अभिजात म्हणजे मूठभरांसाठी राखलेले, हा अर्थ त्याला मान्य नव्हता. पुढे संस्थेने मुलांसाठी शनिवारचे वर्गही चालविले.

मुंबईत मात्र जाझ आले ते श्रीमंतांच्या दाराने. १९३५ साली लिऑन ॲबी याचा वाद्यवृंद ताजमहाल हॉटेलात आला. त्यानंतर टेडी वेदरफर्ड हा शिकागोत नाव मिळविलेला पियानोवादक तेथे वाजवू लागला. हा माणूस मायदेशी स्थिरावलाच नाही. १९४५ साली कलकत्त्यास पटकीने त्याचा अंत झाला. ताजमधील ते वादन सामान्य मुंबईकराच्या कानी पडण्याचा संभव नव्हता. परंतु त्याच वाद्यवृंदांतून गोव्याचे वादक तयार झाले. चर्चच्या शाळांत त्यांनी स्वरलिपी शिकलेली होती. पोटासाठी ते दिवसा चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणास जात. तेथे त्यांना भेटले पुणतांब्याचे रामचंद्र नरहर चितळकर, म्हणजेच सी. रामचंद्र. नागपुरास शंकरराव सप्रे यांच्याजवळ शिकलेला हा संगीतकार आधी चित्रपटसंस्थेत पेटी वाजवीत असे. चिक चॉकलेट या टोपणनावाने ओळखल्या जाणाऱ्या गोमंतकीय तुतारीवादकाच्या साथीने त्यांनी १९५१ सालच्या 'अलबेला' चित्रपटात जाझचा ठेका हिंदी गाण्यात असा मिसळला की, ऐकणाऱ्यास तो परका वाटेना. ताजच्या दारावर जे अडले होते ते अशा रीतीने ध्वनिक्षेपकावरून आणि लग्नाच्या बँडमधून खेडोपाडी पोहोचले. बँडवाल्यास त्याचे नाव ठाऊक नसे. सनई संपली की तो हीच धून धरी.

बिली टेलर २०१० साली डिसेंबर महिन्यात न्यूयॉर्क येथे निवर्तला. त्यावेळी तो एकोणनव्वद वर्षांचा होता. पुढच्या उन्हाळ्यातही हार्लेममध्ये मैफली झाल्या, आणि लोक घरातून खुर्च्या उचलून रस्त्यावर येऊन बसले.