विंडो मिटली तरी प्रोग्रॅम जागाच

विंडोजवरून मॅकवर आलास ना, मग आधी एक सवय मोड. कोपऱ्यातली फुली मारली की प्रोग्रॅम गेला, हे तिकडं बहुतेक वेळा खरं असतं; इकडं नाही. मॅकचं लाल बटण समोरची विंडो तेवढी मिटवतं. गिऱ्हाईक उठून गेलं म्हणून कुणी दुकानाचं शटर ओढतं का? तसंच आहे हे.

ही रीत जुनी आहे. १९८४च्या पहिल्या मॅकिंटॉशपासून मेन्यू पडद्याच्या माथ्यावर असतो, विंडोत नाही. त्यामुळं एकही फाइल उघडी नसली तरी मेन्यू जागच्या जागी राहतो आणि त्यातूनच नवी फाइल काढता येते. विंडोजमध्ये मेन्यू विंडोलाच चिकटलेला, म्हणून शेवटच्या विंडोबरोबर तो प्रोग्रॅमही निघून जातो.

आता कामाचं सांगतो, नीट ऐक.

१. आधी माथ्यावर बघ. वर्ड उघड, फाइल लाल बटणानं मिटव. पडदा रिकामा दिसेल, पण वर डावीकडं, सफरचंदाशेजारी, ठळक अक्षरात वर्डचं नाव तसंच असेल. खाली डॉकमध्ये त्याच्या चित्राखाली बारीक ठिपकाही असेल. ठिपका आहे तोवर प्रोग्रॅम चालू आहे.

२. कमांड-डब्ल्यूनं विंडो मिटते, कमांड-क्यूनं प्रोग्रॅम. दोन्ही अक्षरं कीबोर्डवर शेजारीशेजारी आहेत, त्यामुळं घाईत बोट घसरतं आणि ब्राउझरमधले सगळे टॅब एका झटक्यात जातात. क्रोमच्या मेन्यूत बाहेर पडण्याआधी इशारा देण्याची सोय आहे, ती चालू करून ठेव. सफारीत हिस्टरीच्या मेन्यूतून मागच्या वेळच्या विंडो परत उघडता येतात.

३. काही वेळा विंडो मिटवून भागत नाही, प्रोग्रॅमच बंद करावा लागतो. नवा देवनागरी फॉन्ट टाकला आणि वर्डच्या यादीत दिसेना, तर फाइल दहादा उघडझाक करून उपयोग नाही. कमांड-क्यू कर, वर्ड परत उघड, फॉन्ट दिसेल. पेनड्राइव्हचंही तेच. त्यावरची फाइल मिटवलीस तरी ‘अजून वापरात आहे’ असं म्हणून मॅक तो सोडत नाही, तेव्हा ती फाइल ज्यात उघडली होती तो प्रोग्रॅम बंद कर. पेनड्राइव्ह ओढून काढू नकोस. गिऱ्हाइकाचा माल असतो त्यात.

४. उगाच सगळं बंदही करत बसू नकोस. रिकामा बसलेला प्रोग्रॅम सहसा मशीनला जड होत नाही; मेमरी कमी पडली तर तिची वाटणी मॅक स्वतः करतो. मशीन मंद वाटलंच, तर ॲक्टिव्हिटी मॉनिटरमध्ये मेमरीचा आलेख बघ. हिरवा असेल तर दोष दुसरीकडं शोध. पिवळा किंवा लाल असेल तर यादीत सगळ्यात जास्त मेमरी कोण खातंय ते बघून त्याला बंद कर.

५. या नियमाला अपवाद आहेत. सेटिंग्जसारखे एकाच विंडोचे काही प्रोग्रॅम विंडोबरोबरच बंद होतात. फाइंडर मात्र कायम चालूच राहतो, त्याच्या नादी लागू नकोस. आणि विंडोजवर बसलास तरी फुलीवर डोळे झाकून विश्वास नको. चॅटचे आणि क्लाउडचे काही प्रोग्रॅम घड्याळाशेजारच्या छोट्या बाणामागं दडून चालूच असतात; तिथं राइट क्लिक करून त्यांना बाहेर काढावं लागतं.

६. प्रोग्रॅम अडकला आणि कमांड-क्यूलाही दाद देईना, तर ऑप्शन-कमांड-एस्केप दाब. यादी येईल, त्यातून त्याला जबरदस्तीनं बंद करता येतं. पण हा उपाय शेवटचा. नेहमी बंद करताना ‘सेव्ह करू का?’ असं विचारलं जातं, इथं कुणी विचारत नाही. मोठी फाइल सेव्ह होताना प्रोग्रॅम नुसता थबकलेलाही असू शकतो. म्हणून हात लावण्याआधी खाली जाऊन चहा पिऊन ये. परत आल्यावरही तो तसाच असेल, तर खुशाल बंद कर.