नेतृत्वातील सहृदयता

मुख्याध्यापक हा शाळेचा नेता होय. हजेरीपट चोख ठेवणे, परिपत्रकांची अंमलबजावणी करणे ही त्याची कर्तव्ये खरी. परंतु एवढ्याने नेतृत्व सिद्ध होत नाही. आज्ञेने माणूस कामावर येतो, पण त्याचे मन कामात रमते ते आपल्याला कोणी जाणले या भावनेने. हे तत्त्व शाळेपुरतेच नाही, उद्योगधंद्यातही ते तितकेच खरे आहे.

लक्ष्मणराव किर्लोस्कर (१८६९–१९५६) यांनी लोखंडी नांगर तयार केला, तेव्हा प्रारंभी त्यास गिऱ्हाईक मिळेना. लोखंडामुळे जमिनीस विष चढते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. तिला अडाणीपणा म्हणून हसणे सोपे होते. परंतु जमीन हेच ज्याचे सर्वस्व, तो तिच्या बाबतीत कचरणारच. अशी भीती उपदेशाने जात नाही. विश्वास संपादन केल्यानेच जाते.

पुढे १९१० साली औंध संस्थानातील कुंडलनजीकच्या माळावर किर्लोस्करवाडी वसली. तेथे लक्ष्मणरावांनी तुरुंगवास भोगून आलेल्या माणसांनाही आश्रय दिला आणि त्यांच्याकडे चक्क पहाऱ्याचे काम सोपविले! ज्याच्याकडे सारे संशयाने पाहत, त्याच्याच हाती राखणदारी दिली. येथे केवळ दया नाही. दुखावलेल्या स्वाभिमानाची ओळख आहे.

याच कारखान्याचे नांगर विकण्यासाठी भाऊराव पाटील गावोगाव हिंडले. त्यांनी १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली व १९२४ साली साताऱ्यात सर्व जातिधर्मांच्या मुलांसाठी वसतिगृह उघडले. मुलांच्या पोटासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, अखेर मंगळसूत्रही दिले. तथापि मुलांना आयते खावयास शिकविले नाही. श्रम करून शिकण्याचा मार्ग दाखविला.

या दोन्ही उदाहरणांचे सार एकच आहे: माणसाचे मन जाणावे आणि मग त्याच्यावर जबाबदारी सोपवावी. पहिल्याशिवाय दुसरे केल्यास ती सक्ती होते. दुसऱ्याशिवाय पहिले केल्यास ते लाड होतात. सहृदयता म्हणजे शिस्तीचा त्याग नव्हे.

आता आपल्या वर्गाकडे पाहू. वारंवार गैरहजर राहणारा मुलगा आळशीच असेल असे नाही. घरी धाकटे भावंड सांभाळावे लागत असेल. आईबाप ऊसतोडीस गेले असतील. वाचता येत नाही म्हणून चारचौघांत लाज वाटत असेल. कारण न विचारता केलेली शिक्षा त्याला शाळेपासून कायमची तोडते. कारण जाणून त्याला फळ्यावर सुविचार लिहिण्याचे किंवा बागेस पाणी घालण्याचे काम द्यावे. आपल्यावाचून शाळेचे अडते, असे ज्याला वाटते, ते मूल शाळा सोडीत नाही. सहकारी शिक्षकांच्या बाबतीतही हाच न्याय लावावा.

स्वाध्याय: पुढील शिक्षण परिषदेपूर्वी प्रत्येक मुख्याध्यापकाने अशा एका मुलाच्या घरी जावे. प्रथम ऐकून घ्यावे, उपदेश मागाहून करावा. त्या मुलाकडे कोणती जबाबदारी सोपविली व त्याच्या उपस्थितीत काय फरक पडला, याची टिपणे परिषदेत चर्चेसाठी आणावीत.